शंभराच्या पुढचे युनिट

घरातल्या वीजबचतीचा विचार दिव्याच्या बटणापासून सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवण्याची शिस्त ज्या काळात लागली, त्या काळात छताला ६० वॅटचा पिवळा बल्ब लटकत असे. आता त्या जागी ९ वॅटचा एलईडी आला आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि घाऊक खरेदीमुळे २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये खरेदीदरात ३८ रुपयांपर्यंत खाली आला. दिव्यांपुरती लढाई तिथेच जिंकली गेली. तरीही बिलाचा आकडा वाढतोच आहे, कारण वीज खाणारी उपकरणे वेगळी आहेत आणि लक्ष अजून दिव्यांकडेच आहे.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागेचे उदाहरण घेता येईल. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ सालचे आताचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या भोवती वाढलेला हा भाग. आधी बैठे बंगले झाले, मग शंभर फुटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना अपार्टमेंट उभी राहिली. इथल्या चौघांच्या मध्यमवर्गीय घरात साधारणपणे तीन पंखे रोज बारा तास फिरतात, फ्रिज अखंड चालू असतो, आंघोळीला गीझर, पाणी चढवायला मोटार आणि करमणुकीला टीव्ही व सेट-टॉप बॉक्स असतो. एसी नाही असे धरू. आता महिन्याचा हिशेब मांडू. ७५ वॅटचे तीन पंखे ८१ युनिट घेतात. चार बादल्या गरम पाण्याला, गीझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून, रोजचे दोन म्हणजे महिन्याचे ६० युनिट लागतात. फ्रिजचे २०, मोटारीचे १५, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सचे मिळून १४. वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री यांचे १२ धरले, तर राहिले दिवे. ९ वॅटचे सहा दिवे रोज पाच तास जळले तरी महिन्याला ८ युनिट होतात. एकूण बेरीज २१०. म्हणजे दिव्यांचा वाटा चार टक्के, आणि पंखे व गीझर या दोघांचाच मिळून दोन तृतीयांश.

हा हिशेब घरोघरी थोडाफार बदलेल, पण त्याचा ढाचा बदलत नाही. जे उपकरण उष्णता तयार करते ते कमी वेळात जास्त वीज घेते. जे सतत चालू असते ते थोडी थोडी घेऊन महिनाअखेर मोठे होते. बचतीला याच दोन ठिकाणी वाव आहे.

या २१० युनिटांची किंमत सारखी नसते. महावितरणच्या घरगुती बिलात वापराचे टप्पे असतात: शंभरपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर जवळपास दुप्पट आहे. त्याशिवाय दर युनिटमागे वहन आकार लागतो, काही महिन्यांत इंधन समायोजन आकार लागतो आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार तेवढा वापर कमी केल्याने घटत नाही. वरच्या घराने शंभर युनिट वाचवले, तर ते सगळे दुसऱ्या टप्प्यातून म्हणजे महागड्या गठ्ठ्यातून कमी होतात. वापर निम्म्यावर येतो आणि विजेची रक्कम साठेक टक्क्यांनी उतरते. म्हणून ‘महिन्याला चाळीस-पन्नास युनिटांनी काय होणार’ हा प्रश्न विचारण्याआधी ते युनिट कोणत्या टप्प्यातले आहेत ते पाहावे. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे महिने शेजारी ठेवले, की घराची खोड कळते.

उपकरणनिहाय वापर कळायला वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. अनेक मीटरांवर तो ३२०० असतो. घरातले सगळे बंद करून एकच उपकरण चालू ठेवावे आणि मोबाइलच्या घड्याळावर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत. ३६०० ला मीटरवरच्या आकड्याने भागायचे, आलेल्या उत्तराला सेकंदांनी भागायचे, की किलोवॅट मिळतात. ३२०० च्या मीटरवर दर पंधरा सेकंदांनी दिवा लुकलुकला तर भार ७५ वॅट, म्हणजे जुना पंखा. गीझर लावला तर तोच दिवा सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकतो. सगळी बटणे बंद असताना आणि फ्रिजची पिनही काढलेली असताना दिवा लुकलुकत राहिला, तर घरात काहीतरी गुपचूप चालू आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. गळतीची शंका आली तर वायरमनला बोलवावे. तो बचतीपेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

गुपचूप चालणाऱ्यांमध्ये सेट-टॉप बॉक्सचा नंबर वरचा. रिमोटने बंद केल्यावरही तो जवळपास तेवढीच वीज घेत राहतो. १० वॅट सतत म्हणजे महिन्याला ७ युनिट. घरातल्या सगळ्या दिव्यांइतके. दुसरा इन्व्हर्टर. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घेतलेली बॅटरी अनेक घरांत जिन्याखाली अजून बसलेली आहे. ती पूर्ण चार्ज झाली तरी इन्व्हर्टर थोडी वीज घेत राहतो, आणि बॅटरी जुनी असेल तर ही भूक वाढते. वर्षातून दोन-चार वेळाच त्याची गरज पडत असेल, तर त्याचे काय करायचे याचा विचार करायला हवा. मोबाइलचा चार्जर मात्र उगाच बदनाम आहे. नुसता प्लगमध्ये राहिलेला चार्जर नगण्य वीज घेतो.

पंख्यांकडे वळले की बचतीचा मोठा आकडा हाती लागतो. साधा छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो. बीएलडीसी मोटारीचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो, कारण त्याच्या फिरत्या भागात चुंबके असतात आणि तिथे चुंबकत्व निर्माण करायला वेगळी वीज लागत नाही. वरच्या घरातले तिन्ही पंखे बदलले तर ८१ ऐवजी ३२ युनिट लागतात; ४९ युनिट वाचले. पंख्याची किंमत जास्त आहे हे खरे, पण जो पंखा रोज बारा-पंधरा तास फिरतो तिथे दोनेक वर्षांत पैसे वसूल होतात. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलण्यात अर्थ नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली आहे, त्यामुळे दुकानात तुलना करणे सोपे झाले. जुन्या पंख्याला भिंतीवर मोठा चौकोनी, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर वेग कमी केल्याने वीज फारशी वाचत नाही. वाचलेला भाग रेग्युलेटर उष्णतेत घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला की हा तोटा थांबतो, आणि त्याची किंमत पंख्याच्या मानाने किरकोळ आहे.

ताऱ्यांच्या पट्टीबद्दल एक खुलासा इथेच. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ऊर्जा दक्षता ब्यूरो २००२ चा आणि तारांकन २००६ पासूनचे. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या पट्टीवरचे पाच तारे आजच्या तीन-चार ताऱ्यांइतके भरू शकतात. दुकानात तारे मोजण्यापेक्षा पट्टीवर छापलेला वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा आणि पट्टी कोणत्या कालावधीसाठी वैध आहे तेही पाहावे.

गीझरचे गणित भौतिकशास्त्राने बांधलेले आहे. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे ०.४ युनिट लागते. कोणत्याही कंपनीचा गीझर यात सूट देऊ शकत नाही. सुटण्याजोगे आहे ते त्याच्या भोवतीचे. टाकी ६० अंशांपर्यंत तापवून मग त्यात गार पाणी मिसळण्यापेक्षा थर्मोस्टॅट ५० वर आणला तर टाकीतून झिरपणारी उष्णता कमी होते. सकाळी सहाला लावलेला गीझर अकरा वाजेपर्यंत चालू राहणे हा सगळ्यात सामान्य अपव्यय आहे. आंघोळी पाठोपाठ उरकल्या तर तो टळतो. जिथे बोअरचे जड पाणी वापरात आहे, तिथे हीटरवर क्षाराचा पांढरा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते. वर्षा-दोन वर्षांनी तो थर काढून घ्यावा.

विजेने पाणी तापवणे हीच मुळात उधळपट्टी आहे असे म्हटले तरी चालेल. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वाफ करायची, तिने जनित्र फिरवायचे, तारांतून वीज शेकडो किलोमीटर आणायची आणि शेवटी तिच्यापासून पुन्हा उष्णताच करायची. या प्रवासात कोळशातल्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच जास्त भाग हरवतो. एका युनिटमागे अर्धा किलोहून जास्त कोळसा जळतो. पूर्वीचा तांब्याचा बंब धूर करायचा, पण निदान आग आणि पाणी यांच्यात एवढे मध्यस्थ नव्हते.

सांगलीसारख्या कमी पावसाच्या, भरपूर उन्हाच्या गावात या कामाला छपरावरचा सौर बंब उत्तम. शंभर लिटरचा संच चौघांच्या घराला पुरतो. तांब्याच्या नळ्यांचा सपाट संग्राहक टिकाऊ असतो, पण जड पाण्याने त्याच्या बारीक नळ्या चोंदतात. बोअरचे पाणी असेल तर काचेच्या निर्वात नळ्यांचा संच बरा. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ दाटले की गीझरचा आधार घ्यावाच लागतो. छपरापासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप लांब असेल तर त्याला आवरण घालावे, नाहीतर गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी वाहून जाते. पंख्यांचे ४९ आणि गीझरचे ६० मिळून उन्हाच्या महिन्यांत शंभरावर युनिट कमी झाले. वरचे २१० युनिटांचे घर एवढ्या दोन बदलांनी पहिल्या टप्प्याच्या उंबरठ्यावर येते.

फ्रिजच्या बाबतीत काळजीची यादी छोटी आहे. मागे आणि बाजूंना हवा खेळायला चार बोटे जागा हवी, शेगडीशेजारी किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला तो नको. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून दार लावावे. ती सहज ओढली गेली तर रबर सैल झाले आहे. प्यायच्या पाण्याला उन्हाळ्यात माठ आहेच, आणि त्यामुळे चारजणांनी दिवसभरात वीस वेळा दार उघडणे टळते. पंधरा-वीस वर्षांचा फ्रिज नव्याच्या दुप्पट वीज घेत असू शकतो. तो ‘अजून चांगला चालतो’ म्हणून ठेवणे महाग पडते, आणि नवा घेतल्यावर जुना पाणी-कोल्ड्रिंकसाठी गॅलरीत चालू ठेवणे त्याहून महाग.

पाण्याच्या मोटारीचे दुखणे तिच्या ताकदीपेक्षा विसरण्यात आहे. एक अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण एक युनिट घेते. टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायला लागले की वीज आणि कृष्णेचे शुद्ध केलेले पाणी दोन्ही एकदम वाया जातात. टाकीत तरंगता स्विच बसवला की लक्ष ठेवायची गरज उरत नाही.

एसी आला की वरचा सगळा हिशेब उलटतो. दीड टनाचा एसी तासाला एक युनिटाच्या आसपास घेतो. रात्रीचे आठ तास चालला तर एका महिन्यात दोन-अडीचशे युनिट, आणि घर थेट तिसऱ्या टप्प्यात. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ अंश आणि सोबत मंद पंखा हे सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्याला पुरेसे आहे. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त यंत्र थांबत नाही.

एसी लागतो तो बऱ्याचदा घराच्या बांधणीमुळे. वरच्या मजल्याचा उघडा स्लॅब मे महिन्यात दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो, म्हणून रात्री बाहेर गार असले तरी आत घुसमट असते. गच्चीला चुन्याचा किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर स्लॅब कमी तापतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून सावली करणे जास्त उपयोगी, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडदा परत पाठवत नाही. जुन्या सांगलीतल्या वाड्यांच्या जाड भिंती, आणि जवळच्या हरिपुरात हळद वर्षानुवर्षे साठवणारी जमिनीखालची पेवे, ही दोन्ही या हवेत विजेशिवाय तापमान कसे राखता येते याची उदाहरणे होती. ती पेवे २००५ च्या महापुरात मोठ्या प्रमाणावर गेली.

स्वयंपाकघरातला गॅस बिलात दिसत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सिलिंडरवर तारीख लिहून ठेवली की १४.२ किलो किती दिवस पुरले ते कळते. डाळ-कडधान्ये आधी भिजवणे, भांड्याच्या बुडाबाहेर ज्योत जाऊ न देणे, झाकण ठेवणे या गोष्टी प्रत्येक घरात माहीत आहेत. कमी माहीत आहे ते कुकरचे: पहिली शिट्टी होताना आतले तापमान १२० अंशांच्या आसपास पोचलेले असते. त्यानंतर मोठी आच ठेवल्याने तापमान वाढत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिलीनंतर आच बारीक करून मिनिटे मोजावीत. ज्योत पिवळी पडली असेल तर बर्नरची छिद्रे तुंबली आहेत. शाळूच्या भाकरीला मात्र मोठी आच लागतेच. तिथे बचत करायला गेले तर भाकरी फुगत नाही.

गॅसऐवजी इंडक्शन शेगडी वापरावी का? गॅसच्या उष्णतेतला एकतृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग भांड्याच्या बाजूने निघून जातो. इंडक्शनमध्ये तोटा बराच कमी. तरीही एका सिलिंडरचा स्वयंपाक विजेवर करायला सव्वाशे-एकशेतीस युनिट लागतात. ही वीज दुसऱ्या टप्प्याच्या दराने आली तर ती सिलिंडरपेक्षा महाग पडते. छपरावर सौर संच असेल तर मात्र पारडे फिरते.

वीज कोणत्या वेळी वाचते यालाही सांगलीत वेगळे महत्त्व आहे. संध्याकाळी राज्यभर मागणी एकदम चढते, सौरवीज मावळलेली असते, आणि ही चढ भागवायला जलविद्युत हाताशी लागते. पाटण तालुक्यातल्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९५० मेगावॅटहून अधिक आहे. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी, आणि पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी वर्षाला वळवता येणाऱ्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पश्चिमेला गेलेले पाणी पोफळीकडून वाशिष्ठीला मिळते आणि समुद्रात जाते. जे पूर्वेला सोडले जाते तेच कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीपर्यंत येते, आणि त्याच नदीवर ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना दुष्काळी तालुक्यांना पाणी देतात. इस्त्री, घरघंटी, वॉशिंग मशीन आणि मोटार ही कामे संध्याकाळी सहा ते दहा सोडून दुपारी केली तर युनिट तेवढेच राहतात, पण कोयनेवरचा संध्याकाळचा भार हलका होतो. वेळेनुसार मोजणी करणारे स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसा वापरलेल्या विजेवर प्रतियुनिट सवलतही ठेवली आहे.

सौर संचाचा विचार यादीत शेवटी यावा. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते आणि महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट मिळतात. २१० युनिटांच्या घराला दोन किलोवॅट हवेत. तेच घर आधी पंखे आणि पाणी यांचे बघेल तर एकात भागते. आधी बचत आणि मग संच हाच क्रम स्वस्त पडतो, विक्रेते काहीही सांगोत. अपार्टमेंटमध्ये एकेका सदनिकेला गच्चीचा हक्क नसतो, पण लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि पाण्याची मोटार यांचे सामाईक मीटर असते. त्यासाठी गृहनिर्माण संस्थेला प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान मिळते, आणि अर्ज करायला सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करून ठेवावा.